औषधांमुळे होणारी जनुकीय इजा आणि जनावरांचा खुराक : कोणता पूरक घटक, कधी आणि किती

प्रयोगशाळेत डीएनए उजळून दाखवण्यासाठी इथिडियम ब्रोमाइड नावाचा रंग वापरतात, आणि तो हाताळताना हातमोजे घातल्याशिवाय कोणी पुढे जात नाही, कारण हा रेणू डीएनएच्या शिडीसारख्या रचनेत दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत शिरून बसतो. हाच पदार्थ होमिडियम या नावाने १९५० च्या दशकापासून गुरांना ट्रिपॅनोसोमा या रक्तातील परजीवीवर टोचला गेला. त्याने जनावरे वाचवली हे खरे आहे. पण परजीवीच्या डीएनएला धरणारे औषध जनावराच्या डीएनएपाशी येऊन आपोआप थांबत नाही, हेही तितकेच खरे आहे.

औषधोपचाराच्या काळात जनावराच्या पेशींना आहारातून आधार देता येतो का, असा प्रश्न पशुपालक विचारतात, आणि बाजारातील पूरक खाद्यांच्या पिशव्या त्याचे उत्तर सरसकट ‘होय’ असे देतात. प्रत्यक्षात आहारातील घटक दोनच कामे करू शकतात. औषधामुळे पेशीत वाढलेल्या ऑक्सिडीकरणाला ते आवर घालू शकतात आणि डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) लागणारा कच्चा माल पुरवू शकतात. इजा या दोन्हींच्या बाहेरची असेल, तर कितीही महागडा अर्क खाऊ घातला तरी तिच्यावर परिणाम होत नाही, आणि चुकीचा घटक चुकीच्या वेळी दिला तर औषधच निकामी होण्याचा धोका असतो. म्हणून पुढील पायऱ्यांचा क्रम सोडू नये, आणि मात्रा ठरवताना पशुवैद्यकाला आपण काय खाऊ घालत आहोत हे आधी सांगावे.

पहिली पायरी : औषध नेमके काय बिघडवते ते ठरवा

बहुतेक चुका या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबून समजून घ्यावे लागेल.

काही औषधे ऑक्सिडीकरणाच्या वाटेने इजा करतात. डायमेट्रिडॅझोल, मेट्रोनिडॅझोल, फ्युराझोलिडोन यांसारख्या नायट्रो गट असलेल्या औषधांना पेशीतील विकरे एक इलेक्ट्रॉन देतात. जवळच असलेला ऑक्सिजन तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि स्वतः सुपरऑक्साइड या आक्रमक रूपात जातो, तर औषधाचा रेणू मूळ रूपात परत येऊन पुन्हा त्याच फेऱ्यासाठी मोकळा होतो. या फेऱ्यांमधून हायड्रोजन पेरॉक्साइड साचते, त्याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल हे अतिशय तीव्र मूलक तयार होते, आणि ते डीएनएमधील ग्वानिनवर घाला घालून त्याचे ८-ऑक्सोग्वानिन करते. बिघडलेले हे ग्वानिन पेशीविभाजनाच्या वेळी सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी जोडी जमवू शकते, आणि तेथे कायमचा बदल म्हणजे उत्परिवर्तन घडते. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये या गटातील औषधांवर युरोपीय देशांत १९९० च्या दशकात बंदी आली आणि इतर अनेक देशांतही ती लागू आहे. येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे की बंदी असलेले औषध अँटीऑक्सिडंटच्या, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या घटकाच्या, जोडीने सुरक्षित होत नाही; तसा विचारही कोणी करू नये.

ऑक्सिडीकरणाच्या इजेचे अगदी नेहमीच्या उपचारातील उदाहरण म्हणजे डुकराच्या पिल्लांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत दिले जाणारे लोहाचे इंजेक्शन. साधारण २०० मिलिग्रॅम लोहाची ही मात्रा निरोगी पिल्लाला आवश्यकच असते. परंतु मादीच्या खुराकात जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांची उणीव असेल, तर तीच मात्रा घेतलेल्या पिल्लांपैकी काही जण टोचल्यानंतर काही तासांतच स्नायूंची झीज होऊन दगावतात, कारण मोकळ्या लोहाने पेटवलेले ऑक्सिडीकरण विझवायला त्यांच्या पेशीपटलांत काहीच शिल्लक नसते. मादीला विण्यापूर्वी या दोन घटकांची पुरेशी मात्रा मिळाली असेल, तर हे मृत्यू टळतात. येथे मरतो तो स्नायू, आणि जनुकीय इजा हा त्यातील केवळ एक भाग आहे. तरीही औषध तेच, मात्रा तीच आणि फरक केवळ आहाराचा, हे यापेक्षा स्वच्छ दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या गटातील औषधे डीएनएला थेट चिकटतात. होमिडियमचा उल्लेख वर आला; डायमिनाझिन हे औषधही डीएनएच्या खोबणीत बसते, जरी त्याचा मुख्य रोख परजीवीच्या एका खास डीएनएवर असला तरी. अशा इजेत अँटीऑक्सिडंटचा वाटा दुय्यम राहतो.

तिसरा गट रोजच्या वापरातला आहे आणि म्हणून अधिक महत्त्वाचा. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल इत्यादी बेंझिमिडॅझोल जंतनाशके जंताच्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला धरतात. जनावराच्या ट्यूब्युलिनशी त्यांची पकड बरीच सैल असते, पण रक्तातील प्रमाण वाढले की पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतू नीट बनत नाहीत. एखादे अख्खे गुणसूत्र मागे राहते आणि नव्या पेशीत एक कमी किंवा एक जास्त अशी विषम वाटणी होते. या प्रकारात डीएनए तुटलेले नसते, जळलेलेही नसते. ते चुकीच्या घरी गेलेले असते. जीवनसत्त्व ई, हळदीचा अर्क किंवा द्राक्षबियांचा अर्क यांपैकी कोणीही ते परत आणू शकत नाही. अल्बेंडाझोलच्या लेबलवर गाईंना गर्भधारणेनंतरच्या पहिल्या ४५ दिवसांत आणि मेंढ्यांना पहिल्या ३० दिवसांत ते देऊ नये असे बजावलेले असते, कारण तेव्हा गर्भाच्या पेशी झपाट्याने विभागत असतात. येथे संरक्षण द्यायचे ते तारीख पाळून.

चौथा गट फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वाच्या वाटेत आडवा येतो. सल्फा औषधे, ट्रायमेथोप्रिम आणि पायरीमेथामाइन ही जंतूंच्या फोलेट-चक्रावर मारा करतात, पण मात्रा मोठी किंवा उपचार लांबलेला असेल तर जनावराचेही फोलेट कमी पडू शकते. फोलेट कमी झाले की थायमिन हा डीएनएचा घटक (जीवनसत्त्व बी-१ नव्हे) पुरेसा तयार होत नाही, त्याच्या जागी डीएनएमध्ये युरॅसिल बसवले जाते, दुरुस्ती करणारी विकरे ते कापून काढतात, आणि समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांवर असे काप जवळजवळ पडले तर धागा तुटतो.

दुसरी पायरी : अनावश्यक मात्रा टाळा

जी मात्रा दिलीच नाही, तिच्यापासून इजा होत नाही. जनावराचे वजन अंदाजाने न धरता काट्यावर किंवा छातीचा घेर मोजण्याच्या फितीने काढावे, जंतनाशकापूर्वी शेणातील अंडी मोजून घ्यावीत, आणि ज्या जनावराला गरज नाही त्याला कळपासोबत म्हणून डोस पाजू नये. एवढ्याने जे साधते त्याची बरोबरी कोणताही अर्क करत नाही.

तिसरी पायरी : उणीव आहे का ते पाहा

पूरक घटकाचा लाभ उणीव असलेल्या जनावराला मोठा होतो आणि भरलेल्या जनावराला जवळजवळ होत नाही. ताज्या हिरव्या चाऱ्याच्या कोरड्या वजनात दर किलोला साधारण ८० ते २०० आंतरराष्ट्रीय एकके जीवनसत्त्व ई असते. वाळलेल्या चाऱ्यात आणि मुरघासात ते २० ते ८० टक्क्यांनी घटते. म्हणजे बाहेर चरणाऱ्या कळपाला आणि महिनोन्महिने वाळल्या चाऱ्यावर असलेल्या कळपाला एकच सल्ला लागू पडत नाही. सेलेनियमचे प्रमाण मात्र चाऱ्याच्या हिरवेपणावर नव्हे, तर तो ज्या जमिनीत उगवला तिच्यावर अवलंबून असते, म्हणून चाऱ्याचा नमुना तपासल्याखेरीज त्याबद्दल अंदाज बांधू नये.

रक्ततपासणी करताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर सेलेनियमवर चालते, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले, आणि तांबड्या पेशींतील त्याचे प्रमाण मोजणे ही प्रचलित तपासणी आहे. पण हे विकर तांबडी पेशी घडत असतानाच तिच्यात भरले जाते आणि गाईची तांबडी पेशी चार ते पाच महिने टिकते. त्यामुळे आजचा आकडा गेल्या काही महिन्यांच्या खुराकाची साक्ष देतो, कालपासून सुरू केलेल्या मिश्रणाची नव्हे. चालू स्थिती पाहायची असेल तर रक्तद्रवातील सेलेनियम मोजावे.

चौथी पायरी : जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम यांचा पाया घाला

ही जोडी मी सर्वांत आधी मांडतो, कारण तिचे काम आणि तिच्या मात्रा दोन्ही भक्कमपणे ठाऊक आहेत. जीवनसत्त्व ई स्निग्धद्रव्यात विरघळते आणि पेशीपटलात राहून ऑक्सिडीकरणाची साखळी मध्येच तोडते. सेलेनियमवर चालणारे विकर पेशीच्या पाणीदार भागात पेरॉक्साइडचे पाणी करते. एक कमी पडले तर दुसऱ्यावर भार येतो, म्हणून दोन्ही एकत्र पाहावीत.

दुभत्या गाईंसाठी २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने दिलेल्या मार्गदर्शनानुसार साठवलेल्या चाऱ्यावर असलेल्या आटवलेल्या गाईला दर किलो वजनामागे १.६ एकके आणि दूध देणाऱ्या गाईला ०.८ एकके जीवनसत्त्व ई रोज पुरवावे. ५०० किलोच्या गाईला म्हणजे अनुक्रमे ८०० आणि ४०० एकके. बाजारातील ५० टक्के शक्तीच्या कृत्रिम जीवनसत्त्व ई-भुकटीत दर ग्रॅमला ५०० एकके असतात, तेव्हा ८०० एककांसाठी १.६ ग्रॅम भुकटी लागते. नैसर्गिक रूपातील ई वापरायचे असेल तर हिशेब बदलतो: कृत्रिम ॲसिटेटचा १ मिलिग्रॅम म्हणजे १ एकक, तर नैसर्गिक अल्फा टोकोफेरॉलचा १ मिलिग्रॅम म्हणजे १.४९ एकके. जास्त दिले म्हणजे जास्त संरक्षण, असे मात्र नाही. नेदरलँड्समधील गोठ्यांवर आटवलेल्या गाईंना रोज ३००० एकके दिली असता कासदाहाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मोठ्या मात्रेत अँटीऑक्सिडंट स्वतःच ऑक्सिडीकृत रूपात साचू शकते, ही शक्यता त्यामागे मांडली जाते.

सेलेनियमच्या बाबतीत हात अधिकच आखडता हवा. गरज आहे ती खाद्याच्या कोरड्या वजनात दर किलोला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांना सोसण्याची कमाल मर्यादा दर किलोला ५ मिलिग्रॅम मानली जाते. सतत जास्त मिळाले तर शेपटीचे केस झडतात, खुरांच्या वरच्या कडेजवळ आडवी भेग पडते आणि ती भेग खूर वाढेल तशी खाली सरकत जाते; पुढे जनावर लंगडू लागते. एकदम मोठी मात्रा, विशेषतः इंजेक्शनमधून, गेली तर मृत्यू ओढवतो.

म्हणून मिसळण्याची क्रिया येथे नीट पाहू. एक टन खाद्यात दर किलोला ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम म्हणजे एकूण ०.३ ग्रॅम सेलेनियम. शुद्ध सोडियम सेलेनाइटमध्ये सेलेनियमचा वाटा सुमारे ४५.७ टक्के असल्याने ते अवघे ०.६६ ग्रॅम लागेल, म्हणजे चमचाभरही नाही. हा पदार्थ शुद्ध रूपात गोठ्यात आणूच नये. एक टक्का सेलेनियम असलेले तयार पूर्वमिश्रण घ्यावे, म्हणजे एका टनाला ३० ग्रॅम लागेल आणि ते मोजता येईल. हे ३० ग्रॅम प्रथम एक किलो बारीक कोंड्यात मिसळावे, रंग एकसारखा दिसेपर्यंत चाळावे. ते एक किलो मग दहा किलो कोंड्यात, ते दहा किलो शंभर किलो खाद्यात आणि शेवटी सर्व मिळून एका टनात घालावे. प्रत्येक टप्प्याला मिश्रण पूर्ण फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. वजनकाटा ग्रॅमपर्यंत अचूक असावा, हातमोजे आणि नाकावर मास्क असावा, आणि जनावरांना मिळणाऱ्या खनिज मिश्रणात, चाटणाच्या विटेत किंवा विकतच्या खाद्यात सेलेनियम आधीच आहे का हे लेबलवर वाचून ते बेरजेत धरावे. विषबाधेच्या घटनांमागे बहुधा एकाच घटकाची अशी दोन-तीन दारांनी झालेली ये-जा असते.

पाचवी पायरी : दुरुस्तीचा कच्चा माल

जस्त हे डीएनए-दुरुस्तीच्या अनेक प्रथिनांचा आकार टिकवून धरते आणि तांब्यासोबत सुपरऑक्साइड मोडणाऱ्या विकरात बसते. कोबाल्टपासून कोटीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव जीवनसत्त्व बी-१२ बनवतात, आणि ते नसेल तर फोलेट असूनही पेशीला वापरता येत नाही. दर किलो कोरड्या खाद्याला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम कोबाल्ट पुरते. चांगल्या खनिज मिश्रणातून ही गरज भागते, वेगळे काही आणावे लागत नाही. फक्त गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना कधीही देऊ नये. गाय दर किलो खाद्यात ४० मिलिग्रॅम तांबे सोसते, मेंढीची मर्यादा १५ आहे. जादा तांबे तिच्या यकृतात मुकाट्याने साठत जाते आणि एके दिवशी एकदम रक्तात येऊन तांबड्या पेशी फोडते.

फोलेटच्या बाबतीत घोड्यांमधील एक अनुभव प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. मज्जासंस्थेच्या एका परजीवी रोगासाठी पायरीमेथामाइन आणि सल्फा औषधे चालू असलेल्या गाभण घोड्यांना, फोलेटची तूट भरून निघावी या सद्हेतूने, तोंडावाटे कृत्रिम फोलिक ॲसिड दिले गेले. त्यांपैकी काहींची शिंगरे रक्तक्षय आणि जन्मजात दोष घेऊन जन्मली, आणि हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. कृत्रिम फोलिक ॲसिड कामाला येण्यापूर्वी ज्या विकरातून जावे लागते, तेच विकर औषधाने अडवलेले होते. शिवाय त्याने आतड्यातून आणि पेशींत शिरणाऱ्या उपयोगी फोलेटची जागा अडवली. अशा उपचारात नैसर्गिक फोलेटने भरलेला ताजा हिरवा चारा द्यावा, आणि त्याहून अधिक लागले तर त्या अडवलेल्या विकराची गरज नसलेल्या फोलिनिक ॲसिडचा निर्णय पशुवैद्यकावर सोडावा. पूरक घटक निरुपद्रवीच असतात ही समजूत किती महाग पडू शकते, हे या शिंगरांनी दाखवले.

सहावी पायरी : वनस्पतिजन्य अर्क, आणि त्यांच्या मर्यादा

हळदीतील कर्क्युमिन, हिरव्या चहातील कॅटेचिन, द्राक्षबियांतील प्रोअँथोसायनिडिन, कांद्याच्या सालीतील क्वेर्सेटिन, मिल्क थिसल या वनस्पतीतील सिलिमॅरिन यांच्याबद्दल प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर पुष्कळ अनुकूल निष्कर्ष आहेत. हे घटक पेशीतील एनआरएफ-२ नावाच्या नियंत्रक प्रथिनाला जागे करतात, आणि मग पेशी स्वतःच ग्लुटाथायोन आणि विषारी पदार्थ निकामी करणारी विकरे अधिक बनवू लागते. ही यंत्रणा मला आश्वासक वाटते. पण काचेच्या बशीत पेशींवर थेट ओतलेला अर्क आणि गाईच्या गव्हाणीत टाकलेला अर्क यांच्यामध्ये कोटीपोट आहे. तेथील सूक्ष्मजीव यांतील बरेचसे रेणू रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडतात. तोंडावाटे दिलेले जीवनसत्त्व सी तर तेथेच नष्ट होते, आणि गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी यांना एरवी त्याची गरजही नसते, कारण ती स्वतःच ते बनवतात. म्हणून रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांत वनस्पतींच्या अर्काकडून माफक अपेक्षा ठेवावी. कोंबड्या, डुकरे आणि अजून दुधावर असलेली वासरे यांच्यात त्यांना अधिक वाव आहे. उष्णतेच्या ताणाखालील कोंबड्यांना दर किलो खाद्यात २०० ते २५० मिलिग्रॅम जीवनसत्त्व सी देण्याची पद्धत उपयोगी ठरली आहे. ते पाण्यातून दिल्यास द्रावण रोज ताजे करावे, कारण ते पाण्यात फार काळ टिकत नाही.

दोन गोष्टींबाबत विशेष सावधगिरी हवी. पहिली म्हणजे, हेच रेणू परिस्थिती बदलली की उलटे वागतात. क्वेर्सेटिन हे एम्सच्या जिवाणू-चाचणीत स्वतःच उत्परिवर्तन घडवते, जरी जिवंत प्राण्यांत तसा परिणाम सहसा आढळत नसला. मोकळे लोह किंवा तांबे हाताशी असेल तर जीवनसत्त्व सी ऑक्सिडीकरण थांबवण्याऐवजी वाढवते. कॅटेचिनच्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा होते. लोहाचे इंजेक्शन दिलेल्या दिवशी जीवनसत्त्व सी पाजू नये, हा त्यातून निघणारा साधा नियम. दुसरी गोष्ट काळ्या मिरीतील पायपरिनची. कर्क्युमिन शोषले जावे म्हणून अनेक तयार मिश्रणांत ते घातलेले असते. परंतु पायपरिन यकृतातील औषध मोडणारी विकरे आणि आतड्यातून औषध परत ढकलणारे प्रथिन, दोन्हींना मंद करते. त्यामुळे औषध रक्तात वाढते आणि अधिक काळ राहते. ज्या मिश्रणाने पेशींना औषधापासून वाचवायचे, त्यानेच औषधाची मात्रा आतून वाढवावी, हे टाळलेच पाहिजे. उपचाराच्या दिवसांत पायपरिन असलेले मिश्रण बंद ठेवावे.

सातवी पायरी : वेळापत्रक

डोस पाजला त्याच संध्याकाळी पूरक खाद्य सुरू करणे म्हणजे घर जळू लागल्यावर विहीर खणणे. पेशीपटलांत जीवनसत्त्व ई साठण्यास काही आठवडे लागतात, म्हणून नियोजित जंतनिर्मूलनाच्या किंवा पिल्लांना लोह देण्याच्या तीन ते चार आठवडे आधी पायाभूत मात्रा सुरू झालेली असावी. पिल्लांच्या बाबतीत अर्थातच मादीच्या खुराकातून. वनस्पतिजन्य अर्क द्यायचेच ठरले तर सुमारे आठवडाभर आधी.

उपचार चालू असताना खुराक आणि औषध यांच्यात अंतर ठेवावे लागते. टेट्रासायक्लिन आणि फ्लुरोक्विनोलोन गटांतील प्रतिजैविके तोंडावाटे दिली असता कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांना आतड्यातच चिकटतात, मग औषधही शोषले जात नाही आणि खनिजही. त्या दिवसांत वासरांचे औषध दुधात कालवू नये आणि खनिज मिश्रण दिवसाच्या दुसऱ्या टोकाला द्यावे. बुरशीच्या विषासाठी घातलेली बेंटोनाइटसारखी माती काही औषधांनाही पकडून ठेवते. कोंबड्यांत कोक्सीडिया या आतड्यातील परजीवीवर अँप्रोलियम हे औषध चालू असेल, तर जीवनसत्त्व बी-१ ची भर घालू नये. हे औषध बी-१ चे सोंग घेऊनच परजीवीला उपाशी मारते, आणि खरे बी-१ भरपूर मिळाले की त्याचा प्रभाव पुसला जातो. आधीच्या परिच्छेदांतील फोलेटची कथा आणि ही, दोन्हींचा धागा एकच आहे: औषधाचे काम ज्या वाटेने चालते, तिच्यातच पूरक घटक टाकू नये.

आठवी पायरी : परिणाम मोजा

मोठ्या कळपावर खर्च करायचा असेल, तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सुसज्ज प्रयोगशाळेच्या मदतीने मोजमाप करावे. दोन चाचण्या उपयोगी आहेत.

पहिली कॉमेट चाचणी. रक्तातील पेशी काचपट्टीवर अगारोजच्या पातळ थरात रोवतात, मीठ आणि डिटर्जंट यांनी त्यांची पटले विरघळवतात, आणि अल्कधर्मी द्रावणात विजेचा प्रवाह सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली अखंड डीएनए गोल, घट्ट ठिपक्यासारखे दिसते. तुटलेले असेल तर तुकडे प्रवाहाबरोबर ओढले जाऊन ठिपक्यामागे धूमकेतूसारखी धूसर शेपटी उमटते, आणि इजा जितकी अधिक तितकी शेपटी भरगच्च. पेशी ही तूट काही तासांत दुरुस्त करत असल्याने नमुना औषधापूर्वी एकदा, नंतर २ ते ६ तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी घ्यावा, व तो थंड आणि अंधारात ठेवून लगेच पोहोचवावा. उन्हात राहिलेली नळी स्वतःच शेपट्या तयार करते. कोंबडीच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असल्याने तिच्या रक्ताचा एक थेंब पुरतो.

दुसरी सूक्ष्मकेंद्रक चाचणी. हेपॅरिनच्या नळीत घेतलेल्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी वाढवून, ४४ व्या तासाला सायटोकॅलेसिन-बी घालून पेशीचे विभाजन शेवटच्या पायरीवर अडवतात आणि साधारण ७२ व्या तासाला पाहतात. दोन केंद्रके असलेल्या पेशीत त्यांच्या शेजारी एखादे इवलेसे तिसरे केंद्रक दिसले, ज्याचा व्यास मुख्य केंद्रकाच्या एक तृतीयांशाहून कमी असतो, तर ते मागे राहिलेल्या गुणसूत्राचे किंवा त्याच्या तुकड्याचे असते. प्रयोगशाळेला या सूक्ष्मकेंद्रकातील गुणसूत्रबिंदू रंगवण्याची विनंती जरूर करावी. बिंदू सापडला तर अख्खे गुणसूत्र मागे राहिलेले आहे, म्हणजे बिघाड तर्कुतंतूंचा आणि खुराकाच्या आवाक्याबाहेरचा. बिंदू नसेल तर तो तुटलेला तुकडा आहे, आणि तेथे पहिल्या पायरीतील ऑक्सिडीकरणाची शक्यता तपासण्यात अर्थ आहे.

तुलनेसाठी त्याच वयाची, त्याच खुराकावरची, औषध मिळालेली पण पूरक घटक न मिळालेली जनावरे असायलाच हवीत. तसे नसेल तर ऋतू, वय आणि चारा यांचा परिणाम पूरक घटकाच्या नावावर जमा होतो.

नववी पायरी : प्रतीक्षा काळ आणि नोंद

औषधाच्या लेबलवर दूध आणि मांसासाठी दिलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे औषधानंतर ते वापरात न आणण्याचे दिवस, हा पूरक घटक न देता ठरवलेला असतो. खुराकामुळे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते असे समजून तो कधीही कमी करू नये, आणि औषध मोडण्याची गती मंद करणारा घटक चुकून दिला गेला असेल, तर पशुवैद्यकाला विचारून तो वाढवावा. प्रत्येक जनावराच्या नोंदीत औषधाचे नाव, मात्रा, वजन आणि तारीख यांच्या शेजारी त्या आठवड्यात दिलेल्या पूरक घटकाचे नाव, त्याची पिशवी कोणत्या तुकडीची होती आणि तो कोणत्या दिवशी सुरू व बंद केला हेही लिहावे. गाभण जनावराच्या नोंदीत रेतनाची तारीख सर्वांत वर असावी, म्हणजे जंतनाशकाची बाटली हातात घेण्यापूर्वी ४५ दिवस उलटले आहेत की नाहीत हे पाहता येते.